बोअरहोल इमेजवर घुसलेला अग्निज खडक कसा ओळखायचा: लॉग वाचायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी

हा लेख ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात किंवा मडगाव-पणजीच्या कॉलेजांत भूशास्त्र शिकून तेलक्षेत्राकडे वळणाऱ्यांसाठी आहे. पहिल्या नोकरीत हातात इमेज लॉग (विहिरीच्या भिंतीचं उलगडलेलं चित्र; रोधक खडक पांढरा, वाहक काळा) येतो, त्यात वाळूखडक आणि शेलच्या मधोमध एक पांढराशुभ्र पट्टा दिसतो आणि वरिष्ठ विचारतात, "सिल आहे की लाव्हा?" सिल म्हणजे थरांच्या मध्ये त्यांना समांतर घुसून थिजलेला मॅग्मा, लाव्हा म्हणजे पृष्ठभागावर वाहून थिजलेला. पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत असतं. स्क्रीनवर ते तितकं सरळ नसतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून टाका. इमेज खडकाचं नाव सांगत नाही. नाव घनता, गॅमा (नैसर्गिक किरणोत्सार), सॉनिक (ध्वनीला लागणारा वेळ) आणि कटिंग्ज (ड्रिलिंगमध्ये वर येणारे खडकाचे तुकडे) यांवरून काढायचं असतं. इमेज सांगते ते नातं: हा खडक शेजाऱ्याला कुठे, कोणत्या कोनात, कसा भिडलाय. घुसखोर ओळखला जातो तो या भिडण्यावरून. नवख्यांच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एकच सिल कुठे तेल अडवते, कुठे स्वतःच तेल देते. ब्राझीलच्या पार्नाइबा बेसिनमध्ये डायबेस (डोलेराइटचंच दुसरं नाव; बेसॉल्टच्याच घटकांचा घुसखोर खडक) सिलनी वायूचे सापळे आणि झाकणं तयार केली आहेत. अर्जेंटिनाच्या नेउकेन बेसिनमध्ये शेलमध्ये घुसलेल्या, भेगाळलेल्या अँडेसाइट सिलमधूनच तेल काढतात. आपल्याकडे खंबात बेसिनच्या तळाशी दख्खनचा बेसॉल्ट आहे आणि पाद्रा क्षेत्रात त्याच्या भेगांतून तेल मिळालं. राजस्थानात बाडमेर बेसिनच्या रागेश्वरी क्षेत्रात खोल ज्वालामुखीय खडकांत वायू आहे. हे दोन्ही प्रामुख्याने लाव्हाचे खडक, घुसखोर नव्हेत. म्हणून भारतीय विहिरीवर काम करताना "लाव्हा की सिल" हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारावा लागतो.

सिस्मिकवर सगळं भागेल असं समजू नका. डोलेराइटमध्ये ध्वनीचा वेग ६,००० मीटर प्रति सेकंद आणि सिस्मिकची वारंवारता २५ हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी २४० मीटर होते. तिचा चौथा हिस्सा ६० मीटर. त्याहून पातळ सिलचा माथा आणि तळ सिस्मिकवर वेगळे दिसत नाहीत. दहा-पंधरा मीटरच्या सिलची जाडी आणि बैठक विहिरीतच कळते.

## ०. स्क्रीनआधी किनारा

गोव्यात राहण्याचा मोठा फायदा म्हणजे डाइक (शेजारच्या खडकाला छेदून घुसलेला अग्निज पट्टा) बघायला पैसे पडत नाहीत. किनाऱ्यावरच्या उघड्या खडकांत जुन्या ग्रेवॅकला (मातकट वाळूखडकाला), काणकोणच्या बाजूला ग्रॅनाइटला, छेदून गेलेले काळसर डोलेराइटचे पट्टे आहेत. गोव्यातल्या अशा काही डाइकांचं वय आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सुमारे ६.२८ कोटी वर्षं निघालं आहे, म्हणजे दख्खन ज्वालामुखीच्या शेवटच्या काळातलं. ओहोटीची वेळ बघून जा. पावसाळ्यात जाऊ नका. शेवाळलेल्या डोलेराइटवर पाय घसरतो.

तिथे तीन गोष्टी बघायच्या. पहिली, कडेचे कण. हातभर आत डोळ्यांना दिसणारे स्फटिक कडेपाशी इतके बारीक होतात की खडक जवळजवळ काचेसारखा गुळगुळीत लागतो. दुसरी, सांधे. उभ्या डाइकमध्ये थंड होतानाचे सांधे आडवे, म्हणजे कडेला काटकोनात असतात. तिसरी, शेजारचा खडक कडेजवळ रंगाने किंवा कडकपणाने बदललाय का. या तिन्ही खुणा पुढे २१ सेंटीमीटरच्या भोकाच्या भिंतीवर शोधायच्या आहेत. समोर उभं राहून ज्याने त्या पाहिल्या आहेत, त्याला स्क्रीनवर त्या लवकर सापडतात.

## १. काय काय जमवायचं

काम सुरू करण्यापूर्वी हे हाताशी ठेवा:

- इमेजचा कच्चा डेटा, डीएलआयएस (लॉगच्या डिजिटल डेटाचा प्रकार) फाइलमध्ये. नुसती पीडीएफ आली तर परत मागा. पीडीएफवर कोन मोजता येतो, पण दुरुस्ती करता येत नाही.
- ओपन-होल लॉग: गॅमा (शक्यतो स्पेक्ट्रल), घनता आणि पीईएफ (खनिजं ओळखायला लागणारं फोटोइलेक्ट्रिक मूल्य), न्यूट्रॉन (हायड्रोजनचं प्रमाण), सॉनिक, खोल आणि उथळ विद्युतरोधकता, कॅलिपर (भोकाचा व्यास).
- मड रिपोर्ट: मड (ड्रिलिंग करताना भोकात फिरवतात तो द्रव) पाण्याचं की तेलाचं, वजन, बॅराइट (वजन वाढवणारं खनिज) आहे का, मडची रोधकता आणि ती कोणत्या तापमानाला मोजली.
- विहिरीचा दिशा-सर्व्हे. जायरो (चुंबकाशिवाय दिशा मोजणारा) असेल तर उत्तमच.
- मड-लॉग: ड्रिलिंगचा वेग, कटिंग्जचं वर्णन, वायू, मड गळती.
- लॉगिंगची तारीख. चुंबकीय दिक्पात तारखेनुसार बदलतो, म्हणून ती लागते.
- साइडवॉल कोर (भोकाच्या भिंतीतून काढलेला नमुना) किंवा कोर असेल तर त्याच्या पातळ छेदांचे फोटो.

विद्यार्थ्यांना जुन्या विहिरींचा डेटा हवा असेल तर हायड्रोकार्बन महासंचालनालयाची नॅशनल डेटा रिपॉझिटरी आहे. अर्ज विभागाच्या लेटरहेडवर, मार्गदर्शकांच्या सहीने करा आणि कच्च्या इमेज फाइली हव्यात हे त्यातच स्पष्ट लिहा. नाहीतर कागदी लॉगचे स्कॅन हातात पडतात.

प्रत्यक्ष रिगवर जायचं असेल तर समुद्री बचावाचं प्रशिक्षण आधी लागतं. त्यासाठी गोवेकरांना दूर जायला नको: बेतूलला ओएनजीसीचं सी सर्व्हायव्हल सेंटर आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं.

## २. उपकरण त्या मडला चालतं का

पाण्याच्या मडमध्ये विद्युत सूक्ष्म-इमेज घेतात. सर्वांत प्रचलित एफएमआय उपकरणात भिंतीला टेकणारे चार पॅड आणि चार फ्लॅप, प्रत्येकावर २४ बटनं (छोटे विद्युताग्र), एकूण १९२. बारकावा साधारण ५ मिलिमीटर. साडेआठ इंची भोकात भिंतीचा सुमारे ८० टक्के भाग दिसतो; सव्वाबारा इंची भोकात तो निम्म्यावर येतो आणि पॅडांमध्ये रुंद रिकाम्या पट्ट्या राहतात. मोठ्या भोकातल्या इमेजवर छोट्या खुणांचे निष्कर्ष जपूनच काढा.

डोलेराइटच्या बाबतीत खरी अडचण खडक आणि मड यांच्या रोधकतेच्या गुणोत्तराची. ताजा डोलेराइट हजारो ओहम-मीटर असतो आणि मड खारं असेल तर ०.०५ सुद्धा. या उपकरणाची नेहमीची मर्यादा २०,००० पट. तिच्या वर गेलात की विद्युतप्रवाह खडकात शिरण्याऐवजी मडमधून पळतो आणि इमेज धुरकट होते. त्यामुळे हिशेब लॉगिंगआधीच करा: अपेक्षित खडक ३,००० ओहम-मीटर आणि तळाच्या तापमानाला मड ०.०५ असेल तर गुणोत्तर ६०,०००. इथे अधिक क्षमतेचं उपकरण किंवा अल्ट्रासॉनिक (ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून भिंतीचं चित्र काढणारं) मागवायला हवं.

तेलाच्या मडसाठी वेगळी उपकरणं असतात. त्यातली जुनी भिंतीचा तिसरा हिस्साच दाखवतात, शिवाय एक मोठा सापळा ठेवतात: तेलमडने भरलेली उघडी भेग आणि कॅल्साइटने बुजलेली भेग, दोन्ही पांढऱ्या दिसतात. उघडी की बंद हे नुसत्या विद्युत इमेजवरून ठरवू नका. सोबत अल्ट्रासॉनिक इमेज घ्या. ती पूर्ण ३६० अंश दाखवते आणि कडक, गुळगुळीत भिंतीवर छान येते. डोलेराइटची भिंत तशीच असते. शेलमध्ये ती निराश करते. त्यामुळे अल्ट्रासॉनिकवर सिल झळझळीत आणि तिचा शेजारी मळकट दिसणं हीसुद्धा एक खूण समजा, पुरावा मात्र नव्हे.

## ३. दर्जा तपासणी: घाई नको

सर्व बटनं जिवंत आहेत का, पॅड भिंतीला टेकलेत का, ओढण्याचा वेग ताशी ५५० मीटरच्या आत होता का, हे भराभर तपासा. उपकरण अडकून सुटलं की इमेजमध्ये करवतीसारखे दाते येतात. कडक आणि मऊ खडकाच्या सीमेवर कॅलिपर बदलतो आणि उपकरण नेमकं तिथेच अडकतं. म्हणजे तुम्हाला हवा असलेला संपर्कच सर्वांत खराब दिसू शकतो. त्या भागाचा रिपीट पास (पुन्हा एक फेरी), किमान ५० मीटरचा, आधीच मागून ठेवा.

आता जिथे थांबायचं ती गोष्ट. इमेजची दिशा चुंबकमापकावर ठरते आणि डोलेराइटमध्ये मॅग्नेटाइट असतो. सिल किंवा डाइकच्या आत, विशेषतः कडेजवळ, स्थानिक चुंबकीय क्षेत्र वळू शकतं आणि त्या काही मीटरांत तुमचा "उत्तर" सरकतो. परिणाम म्हणजे संपर्काचा कल बरोबर, पण कलाची दिशा चुकीची. नकाशावर डाइक भलतीकडेच पळतो.

तपासायचं असं:

- तिन्ही चुंबकमापकांचे आकडे घेऊन एकूण क्षेत्र काढा: प्रत्येकाचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ.
- त्या जागेचं आणि तारखेचं क्षेत्र व नमन (क्षेत्राचा आडव्याशी कोन) आयजीआरएफ या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रतिमानातून काढा.
- दोन्ही वक्र खोलीनुसार शेजारी मांडा. शेलमध्ये फरक स्थिर असेल आणि संशयित खडकात शिरताच उडी मारत असेल, तर तिथली दिशा वापरू नका.
- विहीर चार-पाच अंशांहून अधिक कललेली असेल तर जायरो सर्व्हेचा दिगंश आणि उपकरणाचं सापेक्ष बेअरिंग (भोकाच्या वरच्या बाजूपासून उपकरण किती फिरलंय तो कोन) घेऊन इमेज नव्याने वळवा. त्याला चुंबकाची गरज नाही.
- विहीर उभी असेल तर सापेक्ष बेअरिंगला अर्थ उरत नाही. मग खडकाच्या वरचं आणि खालचं उपकरणाचं फिरणं बघून मधला भाग सरळ रेषेने जोडा. दहा मीटरमागे एका फेऱ्याहून कमी फिरलं असेल तरच हा जुगाड चालतो.

हीच उडी उलटीकडून उपयोगीही आहे. कॅल्साइट, ॲनहायड्राइट, डोलोमाइट चुंबकाला हलवत नाहीत. केसिंगच्या (विहिरीतल्या पोलादी नळीच्या) बुटापासून लांब असतानाही क्षेत्र हललं, तर मॅफिक (डोलेराइटसारख्या लोह-मॅग्नेशियमयुक्त) खडकाच्या बाजूने एक मत पडलं.

## ४. स्टॅटिक आणि डायनॅमिक, दोन्ही शेजारी

स्टॅटिक इमेजमध्ये रंगांची वाटणी संपूर्ण विहिरीवर होते. डायनॅमिकमध्ये अर्धा-एक मीटरच्या सरकत्या खिडकीत. नवखे फक्त डायनॅमिक उघडतात, कारण ती देखणी असते. पण तिच्यात सिल आणि शेल दोघांनाही सारखेच गडद-फिके रंग मिळतात आणि सिल चक्क नाहीशी होते. स्टॅटिकवर खडक बदललेला बघा, डायनॅमिकवर त्याच्या आतले सांधे बघा. खूप रोधक खडकात स्टॅटिक सपाट पांढरी पडते. तेव्हा फक्त त्या अंतरासाठी वेगळं स्टॅटिक काढा आणि तसं ट्रॅकच्या माथ्यावर लिहा.

## ५. खडकाचं नाव आधी

इमेज बाजूला ठेवा. ताज्या डोलेराइटचे साधारण आकडे असे: गॅमा १० ते ४० एपीआय, घनता २.८ ते ३.० ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, सॉनिक ४७ ते ५५ मायक्रोसेकंद प्रति फूट, पीईएफ ४.५ ते ५.५ च्या आसपास. ग्रॅनाइट किंवा रायोलाइट जातीचा घुसखोर नेमका उलटा, घनता २.६५ च्या आत आणि गॅमा शंभराच्या वर. "अग्निज म्हणजे कमी गॅमा" हे सूत्र पाठ करू नका.

इथले सापळे:

- ॲनहायड्राइट. घनता २.९८, सॉनिक ५०, पीईएफ ५ च्या जवळ, गॅमा जवळजवळ शून्य, इमेजवर पांढराशुभ्र. म्हणजे डोलेराइटचा जुळा भाऊ. वेगळं करतो न्यूट्रॉन: ॲनहायड्राइटमध्ये तो शून्याच्याही खाली जातो, डोलेराइटमध्ये पाणीधारी खनिजांमुळे थोडा वर राहतो. घटक-स्पेक्ट्रोस्कोपी असेल तर प्रश्नच मिटतो: एकात गंधक, दुसऱ्यात सिलिकॉन, लोह, टायटॅनियम.
- घट्ट डोलोमाइट. घनता २.८७, सॉनिक ४३.५, पण पीईएफ ३ च्या जवळ. मडमध्ये बॅराइट असेल तर मात्र पीईएफवर विसंबू नका.
- सडलेला डोलेराइट. क्लोराइट, स्मेक्टाइट झालेला खडक रोधकता गमावतो, न्यूट्रॉन चढतो आणि घनता-न्यूट्रॉनवर शेलसारखा दिसतो. गॅमा मात्र कमीच राहतो. "कमी गॅमाचा शेल" दिसला की कान टवकारा.
- कटिंग्ज. कडक खडकात बिट दगडाचं पीठ करतं, पोत उरत नाही. "राखाडी, कणरहित, शेल?" असं मड-लॉगवर लिहिलेलं असतं आणि शेजारी ड्रिलिंगचा वेग धाडकन पडलेला असतो. दोन्ही एकत्र वाचा.

## ६. संपर्क: इथे वेळ द्या

आता इमेजवर परत या. वरचा आणि खालचा, दोन्ही संपर्क एक-पाच प्रमाणावर उघडा आणि प्रत्येकासाठी हे चार प्रश्न विचारा.

धार कशी आहे? घुसखोराची कड बहुधा सुरीने कापल्यासारखी असते. लाव्हाचा तळ तीक्ष्ण असू शकतो, पण माथा खडबडीत, फुटक्या तुकड्यांचा, बुडबुड्यांचा, कधी वर तांबड्या मातीचा थर असलेला. इमेजवर तो गडद, ठिपक्यांचा, विस्कटलेला दिसतो.

शेजारी भाजलाय का, आणि दोन्ही बाजूंना? हा सगळ्यांत वजनदार प्रश्न. लाव्हा फक्त आपल्या खालचा खडक भाजू शकतो. वरचा गाळ नंतर येऊन बसलेला असतो. सिल आणि डाइक दोन्हीकडे भाजतात. भाजलेला शेल संपर्काकडे जाताना हळूहळू फिका होत जातो, घनता चढते, सॉनिक घटतो, थरांच्या रेघा पुसट होतात. अशा पट्ट्याची जाडी सिलच्या जाडीच्या ३० टक्क्यांपासून दुपटीपर्यंत असू शकते, म्हणून नुसते दोन मीटर बघून "काही नाही" म्हणू नका. एक अपवाद लक्षात ठेवा: सेंद्रिय द्रव्याने भरलेला शेल फार तापला तर ग्राफाइटसारखं कार्बन तयार होऊन उलट वाहक होतो. तिथे संपर्काजवळ इमेज काळी पडते आणि नवखा तिला भेग किंवा चिकणमाती समजतो.

कडेचा बारीक कणांचा पट्टा दिसतो का? घुसखोराच्या आत, कडेला लागून, काही सेंटीमीटर ते काही दशांश मीटर जाडीचा एकसारखा, पोत नसलेला पट्टा. दोन्ही कडांना असेल तर उत्तम. काच लवकर सडते, त्यामुळे हाच पट्टा कधी गडदही येतो. रंगापेक्षा सममितीकडे बघा.

थरांशी कोन किती? संपर्काचा कल आणि लगतच्या शेलमधल्या थरांचा कल वेगवेगळे पिक करा. पाच अंशांच्या आत जुळले तर सिल किंवा लाव्हा. थर कापत असेल तर डाइक, किंवा पायऱ्या चढणारी सिल. सिलचा एक संपर्क थरांना समांतर आणि दुसरा तिरका निघाला तर गोंधळू नका, तुम्ही बहुधा पायरीच्या जवळ आहात.

ओल्या गाळात घुसलेला मॅग्मा ही सुरेख धार देत नाही. गाळ आणि लाव्हाचे तुकडे एकमेकांत मिसळून पेपराइट तयार होतं आणि इमेजवर काळ्या-पांढऱ्या कणांची खिचडी दिसते. जड लाव्हा मऊ गाळात शिरूनही ती होते. अशा जागी एकाच संपर्कावर शिक्का मारू नका.

## ७. कोन आणि जाडी

तिरकं प्रतल भोकाला कापतं तेव्हा उलगडलेल्या इमेजवर त्याची लाट होते. पटत नसेल तर बाजारातून एक तवसं (मोठी काकडी) आणा, त्याभोवती कागद घट्ट गुंडाळा, सुरीने तिरका छेद द्या आणि कागद उलगडा. कापलेली कड म्हणजेच ती लाट. तवसं ५ सेंटीमीटर जाड आणि लाटेची उंची ५ सेंटीमीटर, तर छेद ४५ अंशांचा.

सूत्र एवढंच: टॅन (कोन) = लाटेची शिखर-ते-तळ उंची ÷ भोकाचा व्यास. लाटेचा तळ ज्या दिशेला, ती कलाची दिशा. व्यास कॅलिपरचा घ्या, बिटचा नव्हे.

साडेआठ इंच म्हणजे २१.६ सेंटीमीटर. लाट ५० सेंटीमीटर उंच असेल तर कोन ६७ अंश. पण ८५ अंशांच्या डाइकची लाट २.४७ मीटर उंच होते! एक-पाच प्रमाणावर ती स्क्रीनवर मावतच नाही. दिसतात त्या दोन जवळजवळ उभ्या रेघा आणि नवखा त्यांना ड्रिलिंगच्या भेगा समजून सोडून देतो. उभ्या रेघा दिसल्या की एक-चाळीसवर झूम मागे घ्या आणि रेघा वर-खाली कुठे जुळतात का ते बघा.

जाडी काढताना आणखी जपा. खरी जाडी = भोकाच्या बाजूने मोजलेलं अंतर × कॉस (भोकाच्या अक्षाशी लंब असलेल्या प्रतलापासूनचा कोन). उभ्या विहिरीत ८५ अंशांचा १ मीटरचा डाइक साडेअकरा मीटर जाड दिसतो. तोच कोन चुकून ८० वाचला तर जाडी २ मीटर निघते. पाच अंशांच्या चुकीने जाडी दुप्पट. म्हणून उभ्या डाइकसाठी जाडीचा एक आकडा देऊ नका. कोनाच्या चुकीसकट पल्ला द्या. विहीर तिरकी असेल तर जाडीसाठी भोकाशी सापेक्ष कोन आणि नकाशासाठी खरा कल, हे दोन वेगळे रकाने ठेवा.

## ८. आतल्या भेगा

आडव्या सिलमध्ये थंड होतानाचे सांधे उभे असतात आणि उभी विहीर त्यांना सहज चुकवते. अर्ध्या मीटरच्या अंतराने समांतर उभे सांधे आहेत असं समजा: २१.६ सेंटीमीटरचं भोक त्यातल्या एकाला गाठण्याची शक्यता ४३ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा इमेजवर एकही सांधा दिसणार नाही आणि अहवालात "भेगाविरहित सिल" लिहिलं जाईल. नेउकेनसारख्या ठिकाणी हेच सांधे तेल वाहून नेतात. त्यामुळे मड गळती झाली का आणि स्टोनली तरंग (भोकाच्या भिंतीलगत जाणारा, उघड्या भेगांची चाहूल देणारा ध्वनितरंग) काय म्हणतो हे बघितल्याशिवाय हा शेरा लिहू नका.

ड्रिलिंगमुळे पडलेल्या भेगा ओळखायला सोप्या: उभ्या विहिरीत १८० अंशांवर समोरासमोर, भिंतीवरच, भोक ओलांडून न जाणाऱ्या. कडक सिलमध्ये त्या जास्त, शेजारच्या शेलमध्ये मात्र त्यांच्या काटकोनात भिंत ढासळलेली. थंड होतानाचे सांधे अनेक दिशांना पसरतात आणि जिथे पूर्ण दिसतात तिथे लाट पूर्ण करतात.

भेगेची रुंदी स्क्रीनवर मोजू नका. रोधक खडकात मडने भरलेली काही मायक्रॉनची भेगही बटनाच्या आकाराएवढी जाड काळी रेघ होऊन येते.

बुडबुड्यांचे ठिपके गडद असतील तर पाणी किंवा माती, पांढरे असतील तर कॅल्साइट किंवा झिओलाइट. ते माथ्याकडे दाट होत गेले तर लाव्हाकडे झुका. खोल सिलमध्ये ते विरळा.

## ९. निर्णय

रोधकतेचा आलेख एकदा लांबून बघा. माथ्याशी कमी, हळूहळू चढत गाभ्यात जास्त आणि तळाशी झटकन पडणारा: लाव्हा. दोन्ही कडांना सारखाच तुटणारा, खोक्यासारखा: घुसखोर. जाड सिलच्या वरच्या तिसऱ्या भागात गॅमा थोडा चढलेला दिसला तर घाबरू नका, उरलेला मॅग्मा तिथे पोटॅशियमने समृद्ध होतो.

"सिल", "डाइक", "लाव्हा" यांच्या बरोबर "ठरत नाही" हा चौथा रकाना ठेवाच. किमान एक संपर्क नीट दिसलेला नसेल, किंवा दोन्हीकडचं भाजणं तपासता आलं नसेल, तर तिथेच टाका. तीन वर्षांनी कोणीतरी तुमच्या रकान्यावरून मॉडेल बांधतो आणि चुकीच्या "सिल"पेक्षा त्याला "ठरत नाही" परवडतं.

## १०. अहवालात काय, आणि शेवटची मागणी

प्रत्येक संपर्कासाठी खोली, सापेक्ष कोन, खरा कल आणि दिशा, दिशा चुंबकावरून की जायरोवरून, इमेजचा दर्जा आणि पुराव्यांची यादी लिहा. दोन्ही संपर्कांची स्टॅटिक-डायनॅमिक चित्रं शेजारी लावा आणि रंगपट्टी कापू नका.

विहीर अजून उघडी असेल तर साइडवॉल कोर मागा. स्फोटाने आत घुसवायची गोळी डोलेराइटमध्ये फुटते किंवा रिकामी येते, म्हणून फिरत्या ड्रिलचं उपकरण हवं. पाच जागा पुरतात: खडकाच्या मध्यावर एक, वरच्या कडेच्या आत ३० सेंटीमीटरवर एक, खालच्या कडेच्या आत तितक्याच अंतरावर एक, आणि दोन्ही संपर्कांबाहेर शेलमध्ये मीटरभर अंतरावर एकेक. वरच्या शेलचा नमुना कधीही सोडू नका. तो भाजलेला निघाला तर लाव्हाचा प्रश्न संपतो. खोली ठरवताना इमेजची खोली आणि कोर-उपकरणाची खोली आधी गॅमावर जुळवून घ्या. तीस सेंटीमीटरची चूक झाली तर कडेचा नमुना म्हणून शेल हातात येतो.